गावांच्या नावाची कार्डं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डबाई पुस्तक देण्याआधी गाव विचारायच्या. कुणी ‘पर्यावरणावर काहीतरी द्या’ म्हटलं की चष्म्यावरून बघायच्या. “पर्यावरण कुठी ठेवलं असते बाबू? पाणी पाह्यजे, हवा पाह्यजे का माती? आन् कोणत्या गावची?” गाव सांगितल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठायच्या नाहीत. आम्ही चंद्रपूरची पोरं चिडायचो. चार पानांचा प्रकल्प लिहायचा, त्याला गाव कशाला लागतं?

त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. कार्डबाई हे नाव पडलं ते त्यांच्या कार्डांच्या लाकडी खणांमुळे. जिल्ह्यातल्या भूजलाचे वार्षिक अहवाल ग्रंथालयात यायचे. कोणत्या गावच्या विहिरीत पावसाळ्याआधी पाणी किती खोल होतं, पावसाळ्यानंतर किती वर आलं, असे त्यात तक्ते. पण एखादं गाव शोधायचं तर अख्खा अहवाल चाळावा लागे. बाईंनी दुपारच्या रिकाम्या वेळात एकेका गावाचं कार्ड केलं. वर गावाचं नाव, खाली वर्ष आणि पान. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि केल्याबद्दल कुणी शाबासकीही दिली नाही.

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण सांगून टाकतो. बाईंनी जपलेले ते अहवाल माझ्या सहीने रद्दीत गेले. त्यामुळे माझ्या एका विद्यार्थिनीचं काम अडलं.

आता मी त्याच कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. जे काही शोधायला शिकलो ते बाईंकडून. पुस्तक शेवटच्या पानांपासून वाचायचं, ही त्यांची पहिली शिकवण. “पुढं साहेबाचा फोटो असते बाबू. विहिरीचं पाणी मांगं परिशिष्टात असते.” एकदा मी पर्यावरण या शब्दाखाली जुन्या तलावांची माहिती शोधत तासभर बसलो होतो. बाई डबा खाऊन आल्या, मला तिथेच बघितलं आणि सिंचन, मासेमारी, हिवताप असे तीन खण उघडून दिले. “हा शब्द काल आला. तलाव त्याच्या आंधीचे आहेत. जुन्या लोकाईले ज्याची फिकीर होती, त्या नावानं पाहा.” तिन्ही खणांत मला तलाव सापडले.

त्या कुणाला पुस्तक आयतं काढून देत नसत. कार्ड हातात ठेवायच्या आणि कपाटाकडे बोट दाखवायच्या. मी एकदा ‘तुम्हीच काढून द्या ना बाई’ म्हणालो, तर म्हणाल्या, “मी रिटायर झाल्यावर कोण काढून देईन तुले?” त्या रिटायर झाल्या आणि त्यांची जागा भरलीच नाही. ग्रंथालयाची किल्ली कार्यालयातल्या बाबूंकडे गेली.

मग निर्लेखन समिती झाली, म्हणजे जुनी, फाटकी, दुबार पुस्तकं कमी करणारी समिती. कॉम्प्युटरसाठी खोली हवी होती. मी आधीच इतक्या समित्यांवर होतो की कुठल्या बैठकीला बसलोय हे चहा आल्यावर आठवायचं. कार्यालयाने टाईप केलेली यादी टेबलावर आली. टाईप करणाऱ्याने अहवालांचं नाव घेतलं, वर्ष सोडलं. एकाखाली एक तेच नाव. मी पहिल्या ओळीपुढे ‘ठेवावे’ लिहिलं, बाकीच्यांपुढे ‘दुबार’. कपाट वीस पावलांवर होतं. मी उठलो नाही. थकलो होतो म्हणावं तर कोण थकलेलं नाही? ज्या अहवालांवर माझा प्रबंध उभा राहिला, ते मीच डोळे झाकून टेम्पोत घातले.

हे मला कळलं ते प्रणाली आली तेव्हा. प्रणाली माझ्याकडे संशोधनाला असलेली मुलगी. तिचं गाव माजरीच्या बाजूला होतं. खाणीसाठी ते उठलं, घरं दुसरीकडे गेली. खाण येण्याआधी आपल्या विहिरीत पाणी किती खोल होतं, एवढंच तिला हवं होतं. विहीर आता जमिनीवर नाही, म्हणजे ती कागदावरच शोधायची. मी मोठ्या ऐटीत तिला बाईंचे खण दाखवले. तिच्या गावाचं कार्ड निघालं. त्यावर ओळीने वर्षं होती, पानं होती. कार्ड घेऊन कपाटापाशी गेलो, तर तिथे एकच अहवाल उभा होता, आणि त्याचं वर्ष कार्डावर नव्हतं.

तक्रार करायची तर कुणाची? आपलेच दात आणि आपलेच ओठ. प्रणालीला मी सगळं सांगितलं. ती कार्ड उलटसुलट करून बघत राहिली. आम्ही दोन-तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी गठ्ठे ओल येऊन चिकटले होते. दुसरीकडे हवी ती वर्षंच नव्हती. शेवटी तीच म्हणाली, “सर, त्या बाईले तरी इचारू ना.” मला नेमकं तेच टाळायचं होतं.

बाई ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“यादी कुठी बसून वाचली?”

“टेबलावर.”

“कपाट नाई उघडलं?”

“नाही.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मेथीची ताटली बाजूला सारली आणि प्रणालीकडे वळल्या.

“तुया घरी पाणी कोण भरे बाई?”

“आई.”

“आहे ना आई?”

“आहे.”

“मंग तिले इचार, उन्हाळ्यात दोर किती हात लागे. पावसाळा सरल्यावर किती लागे. तिच्या संग पाणी भरणाऱ्या अजून बाया असतीन, त्याईलेही इचार, अलग-अलग. एकमेकीसमोर नको. आन् आईचा हात टेपनं मोजून घेजो, कोपरापासून बोटापर्यंत.”

प्रणालीने वही काढली होती. “हे चालते का बाई, प्रबंधात?”

“अहवालाइतकं पक्कं नाई, तसं लिहाचं. कोणी सांगतलं, कोणत्या दिवशी सांगतलं, थे बी लिहाचं. लिहून आण. कार्ड मी लिहीन.”

पुढचा अर्धा तास दोघी त्या विहिरीवर होत्या. रहाट होता का, पायऱ्या होत्या का, कोणत्या साली गाळ काढला. मी बाजूला बसून होतो. माझ्या विषयाची एवढी चांगली शिकवणी मी कधी घेतली नाही, आणि तिच्यात मला कुणी काही विचारावं असं काही नव्हतं. मला फार लाज वाटली.

सून चहा घेऊन आली. बाईंनी एक कप प्रणालीच्या हातात दिला, दुसरा माझ्यापुढे ठेवला.

“घ्या, सर,” म्हणाल्या.

नोकरी लागली, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी मी त्यांचा बाबूच होतो. त्यानंतर ऊर्जानगरला तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा त्यांनी मला आदराने बसवलं.