पंखा बांधापलीकडचा

औशाजवळच्या आमच्या माळावर पवनचक्कीवाले आले, ते आधी माझ्याकडे आले होते. हे मी अजूनही सांगतो आणि लोक अजूनही "हाव का?" म्हणून विषय बदलतात. मी नुकताच मास्तरकीतून निवृत्त झालो होतो. हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड गेली नव्हती.

"आवाजाचं काय?" मी विचारलं.

"सर, फ्रिजएवढा," त्यांचा साहेब म्हणाला.

"मग करारात तसं लिहून द्या."

विचारून सांगतो, म्हणाले, आणि बांधापलीकडे माझ्या चुलतभावाकडे गेले. त्यानं चहा यायच्या आत सही केली.

त्याच्या रानातल्या पंख्याचं उद्घाटन मे महिन्यात, भर दुपारी झालं. त्या उन्हात त्याला फेटा बांधला, वर शाल पांघरली आणि पाहुण्यांनी त्याला द्रष्टा शेतकरी म्हटलं. टाळ्या मीही वाजवल्या. किती जोरात, ते विचारू नका.

खरा ठरलो मी. रान त्याचं, पण पंख्याला घर जवळ माझं. कुणीतरी ओली सतरंजी झटकत बसलंय आणि ती काही वाळत नाही, असा तो आवाज. माझ्या बायकोला अर्धशिशी आहे. दुपारी दार लावून तासभर झोप लागली, तरच तिचं डोकं उतरतं. आता ती कानावर उशी दाबून पडायची आणि तशीच उठायची.

पवनचक्कीवाल्यांना द्यायचा तक्रारीचा अर्ज लिहायचं काम वस्तीनं माझ्याकडे दिलं. दोन दिवस खपून मी तो लिहिला आणि बायकोला वाचून दाखवला.

"यात भावजींचा फेटा कशाला?"

"पार्श्वभूमी आहे ती."

"आन् त्यांच्या रानापत्तोर झालेला रस्ता? आवाज कुठं हाय?"

शेवटच्या ओळीत होता.

"आवो, डोकं माझं दुखून राहिलंय. तुमचं काय दुखतंय, ते मला ठावं हाय. माझं लिवा."

अर्ज सहा ओळींचा झाला. खाली पहिल्या सहीची जागा मी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. तेवढ्यात चुलतभाऊच आला. "दादा, माझी बी सही घे. आमची म्हातारी लई कावून गेली त्या आवाजानं." आणि न वाचता, त्या करारावर केली असेल तशीच, त्यानं पहिल्या जागेवर सही ठोकली.

पंधरवड्यानं साहेब लोक आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. ज्याच्या रानात पंखा, खुद्द त्याचीच तक्रार म्हटल्यावर ते सरळ त्याच्या अंगणात गेले. यंत्र तिथं, खुर्च्या तिथं, चहा तिथं. मी बांधावर उगाच एक काटेरी झुडूप तोडत उभा होतो. डोक्याला फडकं बांधून बायको दारात आली.

"त्यांच्या अंगणात का होईना, ऐकून तर राहिलेत. तुम्ही या आता घरात."

आता दुपारी एक ते तीन पंखा बंद असतो. ती गाढ झोपते. त्या शांततेत मी मात्र टक्क जागा असतो. वस्तीवर सगळे म्हणतात, पंखा त्यानं थांबवला. अर्जाची नक्कल माझ्या उशाखाली आहे. अक्षर माझं आहे.