अवसेचा माल

शिरोलीच्या एमआयडीसीत मी नोकरीला लागले, त्याला पुरता महिनाही झाला नव्हता. फौंड्रीच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "म्याडम, उद्या अवस हाय. उद्या भट्टीकडं फिरकू नका. लॅबमध्येच बसा."

"का?"

"अवसेला बाईमाणूस भट्टीजवळ नको. पहिल्यापासनं तसंच हाय."

"आणि परवा मी पुरुष होते का?"

हे मी मनात म्हटलं नाही, तोंडावरच म्हटलं. मालक हसले. माणूस वाईट नव्हता, पण उत्तर द्यायचं नसलं की हसायचं ही त्यांची सवय होती. मी लॅबमध्ये जाऊन बसले आणि दिवसभर धुमसत राहिले.

माझं काम वाळूचं. फौंड्रीत वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात तो काळ्या, ओलसर वाळूचा असतो. वाळूत ओल कमी पडली की साचा ढासळतो. जास्त झाली की त्या पाण्याची वाफ होते, ती लोखंडात अडकते आणि माल आतून भोकाभोकांचा निघतो. म्हणून दिवसभर वाळू उचलून आणायची, ओल मोजायची आणि पाणी कमी-जास्त करायला सांगायचं. हे शिकायला मी डिप्लोमा केला होता. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरीनं लग्न करून पुणं गाठलं, मी शिरोली.

माझं माहेर म्हणा, घर म्हणा, कागलचं. आमच्या आजानं धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव दूधगंगेत सोडले. वडील सांगायचे, देव सोडायला जाताना आजा रडत गेलता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पुढं हात जोडले ते टोपलीत घालून न्यायचे, सोपं असतं का? पण रडत रडत का होईना, गेला. आणि आल्यावर माझ्या आत्याचा हात धरून तिला शाळेत बसवून आला. आमच्या घरातली शिकलेली पहिली बाई ती. तेव्हा एका धर्मानं आम्हाला गावाबाहेर ठेवलं आणि एका धर्मानं शाळेत घातलं, हे दोन्ही मी घरातच बघितलंय. सगळा धर्म थोतांड असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशीही भांडते. आणि पहिल्यापासनं तसंच हाय असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी जास्त भांडते.

तर अवस, म्हणजे अमावस्या. अवसेला आमच्याकडं भट्टीची पूजा असायची. कोल्हापुरात बऱ्याच कारखान्यांत असते. पण आमच्या फौंड्रीत अवसेची आणखी एक गोष्ट ठरलेली होती. त्या दिवशीचा माल बिघडायचा. सगळा नाही, पण नेहमीपेक्षा जास्तच. गिऱ्हाइकाकडं जाऊन घासल्यावर आतली भोकं दिसायची आणि माल परत यायचा. कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही. अवसेचा माल, असं म्हणायचे आणि हात झटकायचे. अवस वाईट म्हणून पूजा, पूजा करूनही माल बिघडला म्हणजे अवस फारच वाईट, म्हणून पुढच्या अवसेला नारळ जास्त. मी म्हटलं, वा! असा धंदा तर देवालाही जमायचा नाही.

मग मी आले, आणि त्यांना अवसेपेक्षा सोयीचं कारण मिळालं.

अशा दोन-तीन अवसा गेल्या आणि एके दिवशी परत आलेल्या मालाचा ढीग गेटजवळ पडला होता. मालकांनी मला बोलावलं. "तू आल्यापासनं अवसेचा माल लईच बिघडाय लागलाय."

म्याडमची तू झाले होते.

"आधी बिघडत नव्हता?"

"बिघडायचा की. अवसच ती."

"मग आधी कुणाची सावली पडायची?"

यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "हे बघ, मला वाद न्हाय घालायचा. कामगार कुजबुजाय लागल्यात. पुढच्या अवसेला परत असंच झालं, तर तू मंगळवार पेठेतल्या ऑफिसात बस. बिलं कर. पंखा हाय, खुर्ची हाय. पगार तोच."

पगार तोच ऐकून तर माझं डोस्कंच फिरलं. जणू मी पगारासाठी नाक मुरडत होते. बिलं करायला डिप्लोमा कशाला लागतो? एकदा त्या खुर्चीत बसले असते तर शिरोलीतल्या कुठल्या फौंड्रीनं मला परत वाळूला हात लावू दिला असता? एक बाई ठेवून बघितली, जमलं नाही, असं म्हटलं असतं सगळ्यांनी. आणि आमच्या गल्लीतल्या पोरींच्या बापांनी तेच ऐकलं असतं. शिवाय राग याचा की साऱ्या कोल्हापूरची मालकीण अंबाबाई. भट्टी पेटते तिच्या नावानं, नारळ फुटतो तिच्या नावानं, भट्टीवर फोटो तिचा. ती बाई चालते आणि मी चालत नाही? मी तिला हात जोडत नाही, पण तिच्या नावानं मला कुणी हाकललं तर ते तिलाही आवडायचं नाही, असं मला तेव्हा खरंच वाटलं. मी दार आपटून बाहेर आले.

बाहेर भट्टीचे मिस्त्री उभे होते. साठीकडं झुकलेला माणूस, मी त्यांना मामा म्हणायची. अवसेची पूजा त्यांच्याच हातची. सगळं ऐकलं होतं त्यांनी. म्हणाले, "चल पोरी, च्या पी."

चहा पिताना माझं लक्ष नेहमीप्रमाणं त्यांच्या उजव्या हाताकडं गेलं. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून आकसलेली. आजवर विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनीच सांगितलं.

"तरणा हुतो तवा लई प्यायचो. घरात खायला नसलं तरी मला पाहिजे. एका अवसेला तसाच पिऊन आलो आणि तसाच पूजेला बसलो. तवा नारळाचं पाणी लॅडलमधी घालायची रीत हुती." लॅडल म्हणजे भट्टीतलं लोखंड साच्यापर्यंत न्यायचं भांडं. "पाणी घातलं, लोखंड घेतलं, आणि हातभर उसळी मारली की गं त्यानं! सगळं ह्या हातावर. देवीनं धरला माझा हात. पिऊन शिवलास व्हय रं मला, म्हणाली. त्या दिवसापासनं थेंब न्हाय घेतला. घर उभं राहिलं. पोरी शिकल्या. आणि लॅडलमधी पाणी घालायचं बी बंद केलं, माझ्या हातानं ती रीत विटाळली म्हणून. आता साच्यांनाच पाणी दावतो."

मी कपावरून मान वर केली. "साच्यांना म्हणजे कुठं, मामा?"

"तोंडात घालतो. पहिल्या ओळीच्या."

तोंड म्हणजे साच्याच्या वरचं भोक, ज्यातून लोखंड आत जातं. मी दिवसभर वाळूतली चिमूटभर ओल मोजत बसायची, आणि इथं साच्याच्या थेट घशात पाणी. भट्टीच्या जवळ उभं राहू दिलं असतं तर मला हे पहिल्याच अवसेला दिसलं असतं. त्यांनी मला लांब ठेवलं, आणि माल बिघडल्यावर तोंडं माझ्याकडं वळवली.

मी तिथल्या तिथं बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण समोर तो हात होता. साच्यातल्या पाण्याची वाफ होते असं सांगितलं, की लॅडलमधल्या पाण्याचं काय झालं ते आपोआपच सांगून होणार होतं. मग देवीनं हात धरला त्याचं काय? त्याच एका गोष्टीवर या माणसाचं घर उभं होतं. उद्या त्याला वाटलं, देवी नव्हतीच, नुसती वाफ होती, मग प्यायला काय हरकत? चहा गार झाला आणि मी उठले.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुझ्या आजाला पण कुणीतरी सांगितलंच असंल की. तवा तो रडला. मेला न्हाय."

पुढच्या अवसेला दुपारी पूजेची तयारी झाली आणि मी लॅबमधून उठून सरळ भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. कामगार बघतच राहिले. मालक लांबूनच ओरडले, "ए, तुला काय सांगितलंय?"

"ऑफिसात बसायचं तर बसते. पण आज हितं उभं राहून. माझ्यामुळं माल बिघडतो म्हणता ना? मग बिघडताना बघू तर द्या की मला."

"मिस्त्री, हिला बाजूला करा."

मामा हातात नारळ घेऊन उभे. मी त्यांच्याकडं वळले. "मामा, एक ऐका. पूजा करा, नारळ फोडा. फक्त पहिल्या ओळीतल्या अर्ध्या साच्यांना पाणी दावा, अर्ध्यांना न्हाय. वाळूची ओल मी आत्ताच मोजलीया, सगळीकडं सारखी हाय. उद्या साचे फोडताना बघू."

"देवीची परीक्षा घ्यायची?" मामांचा आवाज चढला. पहिल्यांदाच माझ्यावर.

"देवीची न्हाय. नारळाच्या पाण्याची."

"आणि कोप झाला म्हंजे?"

"झाला तर माझ्यावर हूं दे. मी तर तशी बी तुमच्या पूजेतली न्हायच."

मालक माझ्याकडं बघत होते आणि गेटजवळच्या त्या ढिगाकडंही. मला वाटतं, शेवटी त्यांच्या श्रद्धेपेक्षा तो ढीग मोठा निघाला. म्हणाले, "हूं दे मिस्त्री. एकदाच."

मामांनी नारळ फोडला. ओळीच्या डाव्या बाजूला पाणी दावलं, उजवीकडं नाही. उरलेलं पाणी त्यांनी वाटीतून सगळ्यांना दिलं. मलाही दिलं. मी प्यायले. गोड होतं, आणि ते पिऊन माझा धर्म बुडाला नाही.

लोखंड ओतलं ते मी जवळून बघितलं. डावीकडच्या साच्यांची तोंडं बुडबुडत, फुरफुरत होती. उजवीकडं लोखंड गुपचूप आत जात होतं. कामगारांनी एकमेकांकडं बघितलं. इतकी वर्षं ते फुरफुरणं ऐकून देवीनं नैवेद्य घेतला असं सगळे म्हणत आले होते.

सकाळी साचे फोडले. मामांनी स्वतः डावी-उजवी बाजू वेगळी लावली, खडूनं खुणा केल्या, माल घासायला नेला. डावीकडच्या मालात जिथं घासायचं चाक लावावं तिथं भोकं. उजवीकडचा माल आरशासारखा. मालकांनी एक उचलून बघितला, दुसरा बघितला, आणि म्हणाले, "बघा, म्हंजे देवीला पाणी साच्यात नको हुतं. माणसांनी प्यायला पाहिजे हुतं."

मला हसू आवरेना. म्हटलं, "व्हय, आणि हे सांगाय तिनं मला पाठवलं." त्यावर ते सुद्धा हसले. ऑफिसचा विषय त्यांनी परत काढला नाही, मीही काढला नाही. बाईनं काही सिद्ध केलं असं तोंडानं म्हणायला त्यांना जड जात होतं. जाऊ दे, मला माझी भट्टी पाहिजे होती आणि ती मी घेतली.

पण मामा कुठं गेले? बघते तर भट्टीसमोरच्या कोपऱ्यात, वाळूच्या ढिगावर बसलेले. एक भोकाचा तुकडा मांडीवर. जवळ गेले तर त्यांनी मान वर न करताच विचारलं, "पोरी, लॅडलमधलं बी हेच काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलून कुणाला जपायचं म्हणजे त्याला लहान समजायचं, आणि ते मला नको होतं.

"व्हय मामा. हेच. पाणी होतं म्हणून लोखंड उसळलं. कुणाच्या बी हातनं उसळलं असतं."

"न पिता गेलो असतो तरी?"

"तरी बी."

मग भाजलेल्या हातावरून दुसरा हात फिरवत म्हणाले, "म्हंजे ती माझ्यावर कावली नव्हती?"

मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, मला शिव्या देतील. हे मला अपेक्षित नव्हतं. "न्हाय मामा," मी म्हटलं.

"इतकी वर्सं देवळात जातोय. पण खाली मान घालून. पायच बघितल्यात मी तिचं. तोंडाकडं बघायचं धाडस न्हाय झालं कधी." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

मी शेजारी वाळूवरच बसले. जरा वेळानं तेच म्हणाले, "मग दारू कुणी सोडवली?"

मी ज्याला भ्यालेली होते तो प्रश्न हाच. पण आता विचारला गेला, तर त्याचं उत्तर किती सोपं होतं!

"तुम्हीच सोडलीसा की मामा. दुसरं कोण हुतं तितं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भोकाचा तो तुकडा मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

"मीच सोडली की," मामा म्हणाले. एकदा मला, आणि मग भट्टीवरच्या अंबाबाईच्या फोटोकडं मान वर करून, परत एकदा.