नोट्समधला कुत्रा

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर सर प्रोग्रॅमिंगच्या वह्या तपासत होते. ‘प्राणी’ या मूळ क्लासकडून, म्हणजे साच्याकडून, कुत्र्या-मांजरांना ‘बोल’ हा हुकूम वारशाने मिळतो, पण उत्तर ज्याने त्याने आपल्या आवाजात द्यायचं, हा त्यांचाच धडा. समोर उभ्या मुलीने उदाहरणात गाय घेतली होती. सरांनी पानभर लाल फुली मारली.

“सर, प्रोग्रॅम चालतोय,” ती म्हणाली.

“नोट्समध्ये कुत्रा आहे.”

माझं डोकं फिरलं. जन्मभर हाच धडा शिकवणाऱ्या माणसाला वर्गात दुसरा आवाज खपत नाही. मीही एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी, तेव्हाही नोट्समध्ये कुत्राच होता. असल्या माणसांना वर्गात पाऊल ठेवू देऊ नये.

तासाची घंटा झाली. मी वर्गात गेलो, सरांच्या तासाला तेव्हा उतरवून घेतलेली वही उघडली आणि म्हणालो, “लिहून घ्या. उदाहरण, कुत्रा.”