राख पडणाऱ्या बेटावर थांबलेले रहीमचाचा

१८ नोव्हेंबर २०१९, सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. शहाद्यात रहीमचाचांच्या मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याच्या, दुकानातला माझा पहिला दिवस होता आणि मी एका मोटरीची जुनी तार ओढून काढत होतो. आदरणीय चाचांचा आणि माझा खरा परिचय तेव्हा झाला.

"वेढा कितला व्हतात?" त्यांनी विचारले.

"मोजेल नही, चाचा."

"मंग आते मोटरलेच इचार."

मी प्रकाशा गावचा, नववीपर्यंत शिकलेला. जुनी तार काढताना तिचे वेढे मोजून वहीत लिहितात, एवढेही मला ठाऊक नव्हते. वेढे कमी पडले तर मोटर पुन्हा जळते. जास्त झाले तर पाणी उचलत नाही. मोटरीचे मालक गव्हाला पाणी द्यायचे म्हणून बाहेर बाकावर बसून होते. मी काढलेल्या तारेचा गुंता उलगडून वेढे मोजू पाहत होतो. तेव्हा चाचा माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"घाबरू नको. हाई चूक मन्हाकडथीन भी व्हयेल शे. तठे तं पुरं गाव पानीनी वाट देखी ऱ्हायनं व्हतं."

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी चाचा दूरच्या समुद्रातील एका बेटावर केळीच्या मळ्यात पंपमिस्तरी होते. एके दिवशी तिथला ज्वालामुखीचा डोंगर फुटला. भर दुपारी इतका अंधार झाला की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. राखेच्या वजनाने केळी मोडून पडल्या. लोक छपरावरचे पावसाचे पाणी साठवून पीत; त्या टाक्यांत चिखल झाला. मळा गेला तशी मजुरी गेली, मजुरी गेली तशी दुकाने मिटली. अर्धे बेट उठून उरलेल्या अर्ध्यात आले. ज्यांनी पहिल्या आठवड्यात आलेल्यांना स्वतःचे पलंग दिले, तेच पुढे नळावर त्यांच्या बादल्या मागे सारू लागले. कारण पाण्याची विहीर एकच उरली होती. राख शिरून तिचीही मोटर जळाली, आणि घाईत चाचांनी वेढे न मोजता सगळी तार उपसली.

त्याच दुपारी मळ्याच्या कंपनीची शेवटची बोट निघणार होती. पुढची गोष्ट चाचा आपल्या बोलीत सांगतात: "बोटवाला बोलना, 'मिस्तरी, चाल. तुन्ही काय सोयरीक शे आठे?' मी बोलनू, सोयरीक नही. पन मोटर मी खोलेल शे."

बोट गेली. चाचांनी एका दुकानदारीणबाईंचा तराजू मागून आणला. जुन्या तारेचा सगळा गुंता तोलला, मग दहा वेढ्यांइतकी तार तोलली, आणि भागाकार करून वेढ्यांचा आकडा काढला. मळ्यातल्या दुसऱ्या मोटरीची तार काढून, तोंडाला ओले फडके बांधून, दोन दिवस ते वेढे भरत राहिले. डोंगर गरजतच होता. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आले. रांगेत सर्वांत पुढे असलेल्या म्हातारीने भरलेली बादली उचलली आणि मागे सारलेल्या एका परगावच्या बाईच्या हातात दिली.

चाचा तिथे आणखी चार महिने राहिले. त्या महिन्यांचा पगार त्यांना कोणी दिला नाही. हे मला त्यांच्याकडून नव्हे, चाचींकडून कळले.

त्या सोमवारी त्यांनी मलाच तराजू आणायला पाठवले. भागाकार मी तीनदा केला. संध्याकाळी ती मोटर शेतात चालू झाली. एवढा मोठा डोंगर फुटताना पाहिलेला माणूस माझ्या एवढ्याशा चुकीपाशी दिवसभर बसला, याचे आश्चर्य मला अजून वाटते.

गेल्या वर्षी बेटावरून चाचांच्या फोनवर एक फोटो आला. घरे बरीच रिकामी आहेत. तरुण कामासाठी परमुलखात गेले ते परतले नाहीत. मी विचारले, "आते तठे कोन ऱ्हास, चाचा?"

"ज्यास्ले पानी लागस, त्या."

चाचा यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची नजर अशीच स्वच्छ आणि बोटे अशीच स्थिर राहोत, त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. आज सकाळी मी मोजल्या: दुकानात सात मोटरी खोललेल्या आहेत, आणि चाचा एकही अर्धी सोडून उठणारे नव्हेत.