चढ मी म्हटलं

"पाय वर कर," शेठ म्हणाले. "तळवा दाखव."

राजोडीला त्यांचा नवा बंगला. दोन मजले उंच दिवाणखाना, बावीस फुटांवर छत, खाली पांढरी फरशी. आम्ही चौघे दारात चपला काढून ओळीने उभे. तोल जायला लागला म्हणून मी भिंतीला हात टेकला, तर म्हणाले, "भिंतीला नाही." मग मी एका पायावर उभा राहिलो. बाजारात बैलाचा खूर बघतात तसा त्यांनी वाकून माझा तळवा पाहिला. बेचाळीस वर्षांचा मी. दोन मुलींचा बाप. टाचेला भेग होती, भेगेत सिमेंट. ते सरळ झाले आणि मुकादमाला म्हणाले, "यांना पिशव्या घाल." भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या पायात, वरून सुतळी. आम्ही घातल्या.

शेवटी सोमाकाकांचा तळवा पाहिला. काका साठीचे, रंगारी. मनवेलपाड्याला चाळीत राहतात. मला पहिल्यांदा साइटवर आणलं ते त्यांनीच. पिशवी बांधताना ते हसले. "पाऊस नाय, पानी नाय, नि पायात पिशवी."

मी परांची बांधतो. उंचावर काम करणाऱ्याला उभं राहायला जो सांगाडा लागतो, तो. बांबूची बापाकडून शिकलो, लोखंडाची स्वतःहून. आमच्यात एक रीत आहे. बांधणारा आधी चढतो. वर जाऊन फळीच्या मधोमध एक उडी मारतो, चारही बाजूंना झुकून बघतो, खाली उतरतो आणि म्हणतो, "चढ." वडीलधारा असो की पोरगा, शब्द तोच. तो कानावर आल्याशिवाय कोणी पहिल्या पाइपावरही पाय ठेवत नाही. जगात एवढा एकच शब्द असा, की मी बोललो तर माणसं ऐकतात.

मी म्हटलं, "शेठ, बांबूची बांधू?"

"कचरा पडेल."

"मग लोखंडी फ्रेम. पायाखाली लाकडी फळ्या घालतो."

"लाकडाचा डाग उतरतो या दगडावर. चाकांची आण. खाली फोम घाल, फोमवर प्लास्टिक. फरशीला ओरखडा नको."

मी सांगितलं. हो, सांगितलं मी. चाकं उघड्या, टणक फरशीवर उभी राहतात. प्लास्टिकवर ब्रेक लावला तरी सरकतात. फोमवर एक पाय दबतो, दुसरा उचलतो. शिवाय खालची रुंदी साडेचार फूट आणि फळी सोळा फुटांवर. रुंदीच्या तिपटीवर गेलं की भिंतीला टेका हवाच. दोन ठिकाणी तरी.

"भिंतीला हात लावायचा नाही, सांगितलं ना?" शेठ म्हणाले. मग आवाज मऊ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अरे, तुमच्या पाड्यावरची माणसं ताडावर चढतात ना? नुसत्या दोरीवर? आणि तू चाकाला घाबरतोस?"

सगळे हसले. मुकादम सगळ्यात जास्त.

माझा बाप ताडावर चढायचा. पण ताड जमिनीत रुजलेला असतो, फोमवर उभा नसतो. हे उत्तर मला चार दिवसांनी सुचलं. तेव्हा कान तापले. मला भित्रा म्हटलेलं सोसलं नाही. माझी जात काढली, तळवा काढला, ते गिळलं. भित्रा मात्र गिळता आलं नाही. याचीच लाज वाटते आता.

मी परांची उभी केली. फोमवर, प्लास्टिकवर, टेक्याशिवाय. वर गेलो. उडी मारली. ती हलली. चारही बाजूंना झुकायला पाहिजे होतं, एकाच बाजूला झुकलो. खाली उतरलो. सोमाकाका रोलर घेऊन उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"चढ," मी म्हटलं.

ते चढले.

दुपारच्या जेवणाआधी ते कोपऱ्याकडे वाकले. रोलर वर दाबला. चाक सरकलं. आवाज फार झाला नाही. परांची आधी कलली, थांबल्यासारखी वाटली आणि मग गेली. काका कमरेवर पडले. डोकं फुटलं.

शेठ आतल्या खोलीतून धावत आले. गुडघ्यावर बसले. मला वाटलं, काकांजवळ बसले. ते फरशीवरून हात फिरवत होते. जिथे पाइप आपटला होता तिथे बोट थांबलं. "पडलाच ओरखडा," ते म्हणाले. मग रक्ताकडे बघून म्हणाले, "हे मुरतं. पांढऱ्या दगडात मुरतं."

मला कोणी काही सांगितलं नाही. मी माझा शर्ट काढला आणि फरशी पुसायला लागलो. सोमाकाका दोन हातांच्या अंतरावर पडलेत, डोळे उघडे, आणि मी फरशी पुसतोय. घाईघाईने. नीट. दगडात मुरू नये म्हणून.

काका माझ्याकडे बघत होते. "तू चढ म्हनलास ना," ते म्हणाले. दोष देत नव्हते. जुन्या माणसाने रीत सांगावी तसं म्हणाले. मी हातातला शर्ट बघितला. तेव्हा माझं काहीतरी तुटलं, ते अजून जुळलेलं नाही.

इस्पितळात मुकादमाने लिहून दिलं, घरी मोरीत पाय घसरला. काकांनी मान डोलावली. मी बाजूला उभा होतो, उघडा, हातात तो शर्ट.

आठ दिवसांनी मुकादमाने परत बोलावलं. अर्धं छत पांढरं, अर्धं तसंच. तीच परांची, तोच फोम, वर नवं प्लास्टिक. नवा रंगारी खाली उभा, माझ्या तोंडाकडे बघत. रीतीप्रमाणे मी आधी चढलो. उडी मारली. खाली आलो.

"सांग त्याला," मुकादम म्हणाला.

"चढू नको," मी म्हटलं.

शेठ हसला. हो, आता मी त्याला अरेतुरेच करतो. "तू नाही म्हणालास तर दुसरा म्हणेल," तो म्हणाला.

मी पायातल्या पिशव्या काढल्या, त्याच्या हातात दिल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुसरा आला. त्याने चढ म्हटलं. छत पुरं झालं. कोणी पडलं नाही. शेठ सगळ्यांना सांगतो, उगाच घाबरवत होता. मुकादमही तेच सांगतो. मला आता कामाला कोणी बोलवत नाही. सोमाकाका चाळीतल्या खाटेवर असतात. खुब्यात सळई आहे. दोन मजले उतरवत नाहीत, म्हणून खिडकीतून रस्ता बघतात. मी गेलो की समोरच्या इमारतीची परांची दाखवतात आणि विचारतात, बरी बांधली काय रे? मी बरी म्हणतो. दुसरं काय म्हणू?

काहीच बदललेलं नाही. बदलेल असंही वाटत नाही.

पण तो कागद खोटा आहे. काका मोरीत पडले नाहीत. मुकादम म्हणतो, तोंड उघडलंस तर पहिला तूच आत जाशील. बरोबर आहे त्याचं. माझ्या जबाबाची पहिली ओळ माझ्याच विरुद्ध आहे. परांची मी बांधली. चढ मी म्हटलं. त्याच्या खाली फोम येईल, प्लास्टिक येईल, भिंतीला न लावलेला टेका येईल, आणि फरशीवरून फिरलेला तो हात येईल.

बांधणारा आधी चढतो. उद्या सकाळी चौकीची पायरी मी आधी चढणार आहे.