कॅमेऱ्यापुढचा पदर

छबूबाईच्या ओसरीत कॅमेरा बसला तो भुरीसाठी. भुरी म्हणजे घरची मांजर. दिवाळीला पुण्याहून आलेली नात तिला सोडून गाडीत बसेना, नुसता आकांत. मग छबूबाईच्या एकुलत्या पोराने, भाग्येशने, खांबावर तळहाताएवढा कॅमेरा ठोकला आणि लेकीला मोबाइल दाखवला. "ले, आते पुनाम्हा बठीसन भुरी देख. काही हालनं का मन्हा मोबाइल वाजी."

"आन मी?" छबूबाईने विचारलं.

"तू बी दिखशी ना माय."

एवढं एक बोलणं बाईने गाठीला मारलं. कळसाडी गावात ती एकटी. मालक कधीच गेलेले. पोरगा दिवसभर आपल्याला पाहतोय, या समजुतीवर तिचं सगळं चालायला लागलं. डोक्यावरचा पदर ढळू देईना. न जाणो, तिकडे व्याही येऊन बसलेला असायचा! त्याच्यापुढे उघडं डोकं कसं चालेल? भर उकाड्यात चुलीपुढे भाकरी थापतानाही पदर डोईवरच.

शेजारची सुगंधाबाई चिडवायची, "काय वं अक्का, त्या डबडाले सासरा करी टाकं का?"

"तुले काय कयस? मन्हा पोर देखी ऱ्हायना."

एका सकाळी दुधाचं पातेलं घेऊन येताना ओसरीतच पाय घसरला. कंबर फरशीवर आदळली, दूध सांडलं. उठता येईना. पण बाई घाबरली नाही. आधी पदर सारखा केला, मग खांबाकडे तोंड करून म्हणाली, "भाग्या, मी पडनू रे. कोनले तरी धाड."

कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. भुरी आली, दूध चाटायला लागली. बाई हाका मारत राहिली. ऊन सरकत सरकत उंबऱ्याला लागलं, तरी कोणी फिरकलं नाही.

शेवटी आली ती सुगंधाबाई, मोबाइल हातात, धापा टाकत. "अक्का, भाग्याना स्टेटसवर भुरी देखी. तिन्हा मांगे तुन्हा गोंदेल पाय वयखा मी!"

स्टेटसवर भुरी दूध चाटत होती. वर गाणं लावलेलं. त्यात हाका कुठल्या ऐकू येणार? मांजरीमागे छबूबाईचा पाय, आणि खाली हसरी तोंडं.

सुगंधाबाईने तिथूनच फोन लावून छबूबाईच्या कानाला धरला. भाग्येश चाचरला. "माले वाटनं तू आडी पडेल शे, माय."

"तुन्हा मोबाइल वाजना नही का?"

"वाजना ना. भुरी हालनी का वाजस. मानूस हालना का वाजानं बंद करेल शे. तू दिनभर इकडे तिकडे जास, मीटिंगम्हा घडी घडी..."

"कवयपासून बंद शे?"

"लावा त्याच दिनपासून."

"बरं," छबूबाई म्हणाली.

हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. हिंडती-फिरती झाल्यावर एका दुपारी तिने कॅमेऱ्याच्या ऐन समोर पाट टाकला. पदर खाली सोडला, अंबाडा सोडला आणि पिकलेले केस विंचरायला बसली. गुंतवळ बोटाला गुंडाळून बाहेर भिरकावली.

तेवढ्यात भुरी येऊन तिला अंग घासायला लागली. छबूबाईने तिला हाताने खांबामागे लोटलं.

"तू जाय तिकडे. तुन्हामुये वाजी जाई."