थर्मासभर उसनी थंडी

"हलू नका काकू. थरथरलं की विसरलं!" असं म्हणून सर चहाची कपबशी दोन्ही हातांनी दाबून धरायचे. कपात नुसता चहाच असायचा, पण हा माणूस बोलायला लागला की आपणसुद्धा श्वास रोखून बसणार.

सर मूळचे वाईचे. सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि पलूसला आमच्या माडीवर भाड्यानं राहायचे. त्यांचा सगळा जीव एका रेणूत अडकलेला. म्हणजे बघा, एकेक रेणू हाच इवलासा लोहचुंबक. मोठ्या चुंबकाजवळ नेलं की सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मोठा चुंबक काढून घेतला तरी त्यांनी तसंच राहायला हवं. पण ऊब लागली की ते थरथरतात आणि तोंडं फिरवतात.

"लग्नातल्या फोटोवानी व्हय?" मी म्हटलं. "फोटोवाला जरा वळला की समदी जेवणाकडं बघत्यात."

"अगदी! तोंड फिरवायचं तर मध्ये ऊर्जेचा एक डोंगर चढावा लागतो. आणि काही तर तो चढायचे कष्टही घेत नाहीत. बोगद्यातून पलीकडे."

"बोगदा कुणी खणला?"

"तीच तर पंचाईत आहे काकू. बोगदा नसतोच!"

आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एके सकाळी सर पायरीवर डोकं धरून बसलेले. नवा रेणू तयार होता, काचेच्या नळीत बंद. द्रव नायट्रोजनच्या थंडीत तो चुंबकपण टिकवतो का, हे संध्याकाळपर्यंत पुण्याला कळवायचं होतं. टिकवलं तर तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा, नाही तर रेणूचं काम बंद. आणि कॉलेजातला नायट्रोजन संपलेला.

"धूर निघतो त्योच का? रेड्याबिगर म्हशी भरवायला डेअरीचं डॉक्टर आणत्यात की! आत्ता येतीलच. आमची म्हैस माजावर हाय."

सर उडालेच.

डॉक्टर आले, त्यांनी मोटरसायकलीवरून नायट्रोजनची टाकी उतरवली. सरांनी थर्मासभर मागितला. "आवं सर, ह्यात मुऱ्हा रेड्याचं बी हाय. थंडी गेली की समदं मेलं."

"माझंही तसंच आहे हो!"

"तुमचं बी?" डॉक्टर दचकले.

मी मध्ये पडून रेणू समजावला, तेव्हा कुठं ते नायट्रोजन द्यायला तयार झाले. "पर आदी म्हैस. शेपूट धरा."

सर शेपूट धरून म्हशीला विनवत होते, "बाई, हलू नका." म्हशीनं शेणासकट शेपूट त्यांच्या चष्म्यावर फिरवलं. पण सरांनी ते काही सोडलं नाही.

मग नायट्रोजन भरलेला, झाकण सैल ठेवलेला थर्मास मांडीत धरून, डॉक्टरांच्या मोटरसायकलीवर मागं बसून, धूर सोडत सर सांगलीला गेले.

दिवेलागणीला परत आले. मी भाकऱ्या करत होते.

"टिकलं का?"

"टिकलं! तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच काय काकू? आधीचे रेणू पीठ मळायच्या आतच विसरायचे!"

मला हसूच येत होतं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. पहिली भाकरी लोणी घालून त्यांच्यापुढं ठेवली.

पुण्याहून बोलावणं आलं. सर निघाले तेव्हा मी स्टँडवर गेले. ते गाडीत नळ्यांची पेटी पोटाशी कवटाळून बसलेले. कंडक्टर म्हणाला, "पेटी वर ठेवा."

"नको हो, मांडीवरच राहू दे."

"मग हिचं हाफ तिकीट काढू का?"

सगळी गाडी हसली. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "काढा."

गाडी सुटली. सरांचा एकही हात मोकळा नव्हता, म्हणून दोघांच्या वाटणीचा हात मीच हलवत राहिले.